मानमोडीच्या सालातला पैरा

२०२० च्या मार्चअखेर कोगनोळीचा नाका बंद झाला, तेव्हा आमच्या घरात पहिली काळजी निघाली ती माणसांची नव्हे, उसाच्या वाड्याची. पुतण्याच्या दावणीला चार म्हशी आणि एक बैलजोडी. वाडे येत असे पलीकडून, कागलच्या बाजूने. हद्द म्हणजे काय, तर एक ओढा आणि दोन बाभळी; आमच्या माणसांनी ती आजवर कधी मोजली नव्हती. आता ओढ्याच्या अलीकडे एका राज्याचा पोलीस आणि पलीकडे दुसऱ्या राज्याचा. म्हशीला ते कसे सांगणार? आठवडाभर शेजाऱ्यापाजाऱ्यांची मिळेल ती वैरण मागून दिवस काढले. तिकडे अथणी-तिकोट्याकडची द्राक्षे वेलीवरच राहिली. ज्यांना जमले त्यांनी बेदाणा केला, बाकीच्यांनी मिळेल त्या भावाने दिली. भाजी तर कितीतरी ठिकाणी रानातच नांगरली गेली. साथ माणसाच्या छातीत शिरते, पण तिचा हिशेब शेवटी दावणीला आणि बांधाला येऊन मिळतो, हे तेव्हा डोळ्यांसमोर दिसत होते.

टाळेबंदीत माझ्यासारख्या निवृत्त शिक्षकाला काम ते काय असणार? माळ्यावरची वडिलांची पत्र्याची ट्रंक खाली काढली. वडील असेपर्यंत त्या ट्रंकेला कोणी हात लावायचा नाही, असा दंडक होता. आत कागदांचे गठ्ठे. आमच्या भागातल्या कोणत्याही घराचा इतिहास तीन लिप्यांत असतो, तसाच तोही होता. आजोबांचे कागद मोडीत, वडिलांचे देवनागरीत आणि माझ्या वाट्याला आलेले उतारे कन्नडमध्ये. जमीन तीच, नदी तीच, फक्त वाचणारा बदलत गेला. मला कन्नड वाचता येते, मोडी येत नाही. त्यामुळे सर्वांत तळाशी, मेणकापडात गुंडाळलेला एक कागद निघाला तो हातात धरून नुसता बसून राहिलो. त्या कागदाविषयी मला ऐकून माहिती होती. लहानपणापासून घरात एक वाक्य ऐकत आलो होतो, "मानमोडीच्या सालात वरच्या आळीनं आपला नदीकाठचा तुकडा गिळला."

वरची आळी म्हणजे एकच घर. कन्नड बोलणारे, लिंगायत, गावातले जुने शेतकरी. आमचे घर आणि ते घर यांच्यात पाण्याची एक पन्हळ सोडली तर अंतर नव्हते. पण लग्नाला जाणे नाही, बेंदराला एकमेकांच्या बैलांना ओवाळणे नाही. आमच्याकडे बेंदूर दोनदा होतो, हे सीमाभागातल्या वाचकांना सांगायला नको. ज्येष्ठी पौर्णिमेचा कर्नाटकी, ज्याला ते कारहुण्णिमे म्हणतात, आणि आषाढातला महाराष्ट्री. त्या घरचा मुलगा माझ्याच वयाचा. त्याच्याबरोबर नदीवर पोहायला गेलो म्हणून मी वडिलांचा मार खाल्ला आहे. माराचे कारण पोहणे नव्हते.

मानमोडी म्हणजे १९१८ चा इन्फ्लुएंझा. सरकारी कागदांत त्याला दुसरी नावे असतील, आमच्या आजीच्या तोंडी मानमोडीच. मान टाकतो, दोन-तीन दिवसांत आटोपतो, म्हणून मानमोडी. मुंबईत हा ताप जूनमध्ये आला. १० जूनच्या सुमारास बंदरावर पहारा करणारे सात पोलीस शिपाई इस्पितळात दाखल झाले, तिथून पुढची नोंद मिळते. ती पहिली लाट सौम्य होती, लोक तापले आणि उठले. पावसाळ्यात साथ दबली असे वाटले आणि सप्टेंबरात ती पुन्हा आली, ती मात्र ओळखू येऊ नये अशी. ६ ऑक्टोबर १९१८ या एका दिवसात मुंबई शहरात या तापाने ७६८ माणसे गेली. तोवर पुणे-मिरज-बेळगाव-लोंढा या लोहमार्गावर तो उतरत उतरत आला होता. महायुद्धाचे दिवस. रजेवर येणारे शिपाई, गिरणीतून पळून गावाकडे निघालेले कामगार, बाजारचे व्यापारी, सगळे त्याच डब्यांतून. ज्या रेल्वेने निपाणीची तंबाखू नि बेळगावचा तांदूळ बाहेर नेला, तिनेच ताप आत आणला. स्टेशनपासून आमचे गाव बैलगाडीने बरेच दूर, पण तापाला गाडी लागत नाही.

मुंबई इलाख्यात, म्हणजे तेव्हाच्या आपल्या बेळगाव-धारवाड-विजापूरसह, या साथीने दहा लाखांहून अधिक माणसे नेली. हिंदुस्थानचा आकडा सरकारने आधी साठ लाखांच्या आसपास धरला होता. नंतरच्या अभ्यासकांनी तो सव्वा कोटीपासून दोन कोटींपर्यंत नेला. १९११ ते १९२१ या दहा वर्षांत साऱ्या देशाची लोकसंख्या जेमतेम सव्वा टक्क्याने वाढली आणि मुंबई इलाख्याची तर घटली. पण हे आकडे मी शिक्षक असूनही मला फारसे काही सांगत नाहीत. गावाला काय झाले हे कळायचे असेल तर ते कोणत्या नक्षत्रात झाले, हे विचारावे लागते.

ते झाले हस्तात आणि चित्रात. म्हणजे सप्टेंबरच्या शेवटापासून ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत. त्या वर्षी पितृपक्षाच्या पंधरवड्यात ताप गावागावांत शिरला, ५ ऑक्टोबरच्या सुमारास घट बसले, चौदाच्या आसपास दसरा आणि ३ नोव्हेंबरच्या सुमारास दिवाळी. शेतकऱ्याला या पाच आठवड्यांचे महत्त्व वेगळे सांगायला नको. बाजरी काढणीला आलेली, खरिपाची जोंधळी कणसावर, तंबाखूचे शेंडे खुडायचे आणि बगलफुटी काढायच्या, आणि सर्वांवर कडी म्हणजे काळ्या रानात शाळू पेरायचा. शाळवाला पाऊस लागत नाही, ओल लागते. हस्ताची एक बरी सर आली की वाफसा येतो आणि तो आठ-दहा दिवस टिकतो. त्या आठ-दहा दिवसांत कुरी चालली तर चालली. नंतर पेरले तर पाखरांसाठी पेरले. वर्षाची भाकरी आणि जनावरांचा कडबा, दोन्ही त्या आठ दिवसांच्या हवाली.

आणि त्या साली पाऊसही दगा देऊन गेला होता. त्याच्या आदल्या वर्षी, १९१७ ला, पाऊस इतका की खेडा जिल्ह्यात पिके कुजली, आणि त्यातूनच १९१८ चा तो साराबंदीचा सत्याग्रह उभा राहिला. १९१८ ला नेमके उलटे. मृग बरा गेला आणि पुढे आभाळ कोरडे. देशभराचा पाऊस सरासरीहून सुमारे पाव हिश्शाने कमी. १८७७ आणि १८९९ या दुष्काळांच्या पंक्तीला बसणारे हे साल. खरीप करपला. युद्धामुळे आधीच धान्य, कापड, घासलेट सगळे महाग. मद्रास इलाख्यात तर सप्टेंबरात बाजार लुटले गेले. अशा अर्धपोटी गावात ताप आला. दुष्काळात माणूस स्थलांतर करतो, खडी फोडायला जातो, काहीतरी हालचाल करतो. तापात सगळा गाव एकाच वेळी आडवा पडतो. दोन्ही एकत्र येणे ही १९१८ ची खरी गोष्ट आहे आणि आपल्या पाठ्यपुस्तकांत ती दीड ओळीत येते, तीही युद्धाच्या प्रकरणात.

इथे जरा प्लेगची आठवण काढली पाहिजे, कारण गावाला साथ नवी नव्हती. मुंबईत १८९६ ला आलेला प्लेग दोन वर्षांत बेळगाव, धारवाड, हुबळीपर्यंत पोचला होता आणि पुढे वर्षानुवर्षे येत राहिला. १८९१ च्या खानेसुमारीत बेळगाव जिल्ह्याची वस्ती दहा लाख तेरा हजारांच्या घरात होती, १९०१ ला ती नऊ लाख चौऱ्याण्णव हजारांवर आली. पण प्लेगशी कसे वागायचे हे गाव शिकले होते. घरात उंदीर पडला की गाव सोडायचे. पेवे बंद करायची, भांडीकुंडी घ्यायची आणि रानात झोपड्या घालायच्या. एका अर्थाने शेती त्याने वाचत असे. माणूस पिकाजवळच राहायला गेलेला, गुरे खोपीबाहेर बांधलेली, पेरणी-राखणी चालू. घरे ओस पडत, रान ओस पडत नसे. मानमोडीला हा उपाय चालला नाही. ज्यांनी जुन्या सवयीने माळावर झोपड्या घातल्या, ते झोपडीतच तापले. उंदीर पडण्याची सूचनाही या रोगाने दिली नाही. सकाळी कुळवाला गेलेला माणूस दुपारी बांधावर घोंगडी पांघरून पडलेला सापडे.

आमची आजी तेव्हा तेरा वर्षांची. लग्न होऊन दोन वर्षे झालेली. तिचे सासरे, थोरले दीर आणि मधली जाऊ, अशी तीन माणसे नवरात्रातल्या नऊ दिवसांत गेली. आजोबा सतरा वर्षांचे, तापाने बरळत पडलेले. सासू पडलेली. लहान पोरे पडलेली. आजीला ताप येऊन आधीच उतरला होता, म्हणून ती रांगत का होईना, हलत होती. या तापाचे हे एक विचित्र लक्षण सगळ्या जगाने नोंदवले आहे. म्हातारे आणि पोरे जगली आणि वीस ते चाळीस वयाची धट्टीकट्टी माणसे गेली. म्हणजे नांगर धरणारा हात आणि मोट हाकणारा हात. आपल्याकडे त्यातही बायका अधिक गेल्या. घरातला पुरुष पडला तर त्याला पाणी देणारी बाई होती. बाई पडल्यावर मात्र कोण होते?

आजी सांगायची ते मी तिच्याच शब्दांत लिहितो. "घरात पाणी द्याला मानूस न्हवतं बाळा. आडावर जायाचं बळ न्हवतं. दोन दीस जनावरं दावणीला तशीच. वैरण न्हाई, पानी न्हाई. म्या उंबऱ्यापतूर सरकायची नि परत पडायची. गोठ्यात बैल हंबरायचं. मानसाचं रडनं कुनाला ऐकू येत न्हवतं, समद्याच घरात रडनं हुतं. पर बैलाचं हंबरनं ऐकू गेलं."

ते ऐकू गेले वरच्या आळीला. त्या घरातही दोघे गेले होते. तिथला कर्ता माणूस ताप उतरून दुसऱ्याच दिवशी काठी टेकत आला. त्याने आमच्या आजीला ओसरीवर पडलेली पाहिली, तिच्या तोंडात पाणी घातले आणि आमची खिल्लारी जोडी सोडून स्वतःच्या गोठ्यात नेली. जाताना तो कन्नडमध्ये काहीतरी पुटपुटला. आजीला तेव्हा कन्नड येत नव्हते, पण ते शब्द तिने शेवटपर्यंत जसेच्या तसे सांगितले. "बित्तिगी बिडबारदु." पेरणी सोडू नये. तीन माणसे मेलेल्या घराच्या ओसरीवर उभा राहून माणूस हे बोलतो, याचे मला लहानपणी नवल वाटायचे, थोडा रागही यायचा. आता वाटत नाही.

त्या साली हस्ताची एकच सर आली, असे आजी म्हणे. तिच्यावर त्या माणसाने आपल्या एका आणि आमच्या दोन अशा तीन बैलांवर आलटून-पालटून कुरी चालवली. कुरीमागे चाडे धरायला त्याची बायको. आधी त्यांचे रान, मग आमचे. कुरी हा शब्द आमचा का त्यांचा, याचा वाद कोणी घालू नये. ते कूरिगी म्हणतात, आम्ही कुरी म्हणतो, आणि रेघ सारखीच पडते. आठ दिवस हे चालले. मधल्या एका दिवशी त्याच्या घरात आणखी एक मूल गेले. तो सकाळी ते पुरून आला आणि दुपारी कुरी जुंपली.

हे पैऱ्याचे काम. आपल्याकडे शेतीचे मोठे काम मजुरीवर कधीच चालत नव्हते. सावड, इर्जिक, पैरा असे त्याचे वेगवेगळे प्रकार, कन्नडमध्ये मुय्यि. आज माझा बैल तुझ्या रानात, उद्या तुझा माझ्या. ज्याच्याकडे एकच बैल आहे तोही त्यामुळे शेतकरी राहतो. ही व्यवस्था एका समजुतीवर उभी असते की सगळी घरे एकाच वेळी अडणार नाहीत. घरातले एक माणूस आजारी पडले तर गाव त्याची पेरणी उरकून देतो. सगळी घरे एकदम पडली तर पैरा द्यायला माणूसच उरत नाही. मानमोडीने माणसे मारली हे तर खरेच, पण तिने ती समजूत मोडली, आणि ती पुन्हा बसायला किती वर्षे लागली हे कोणत्याच खानेसुमारीत मोजलेले नाही.

अर्थशास्त्रज्ञांनी मात्र या सालावर एक मोठा वाद घातला आहे आणि तो आपल्याला लागू आहे, म्हणून थोडक्यात सांगतो. शिकागोचे थिओडोर शुल्ट्झ, ज्यांना पुढे १९७९ चे नोबेल मिळाले, त्यांनी १९६४ च्या आपल्या 'ट्रान्स्फॉर्मिंग ट्रॅडिशनल ॲग्रिकल्चर' या ग्रंथात १९१८ ची हिंदुस्थानी साथ पुरावा म्हणून घेतली. त्या काळी असे मानले जाई की आपल्या खेड्यांत माणसांची गर्दी एवढी आहे की काही माणसे काढून घेतली तरी पिकात फरक पडणार नाही. शुल्ट्झ म्हणाले, पाहू या. साथीने शेतीवरची सुमारे आठ टक्के माणसे गेली. मग १९१६-१७ चे पेरलेले क्षेत्र आणि १९१९-२० चे क्षेत्र त्यांनी ताडून पाहिले. साडेसव्वीस कोटी एकरांवरून ते साडेपंचवीस कोटींवर आले होते, म्हणजे ३.८ टक्के घट. तेव्हा फालतू माणूस असा कोणी नव्हता, प्रत्येक हाताला काम होते. या गणितावर अमर्त्य सेन यांनी १९६७ साली 'इकॉनॉमिक जर्नल'मध्ये आक्षेप घेतला आणि शुल्ट्झांनी त्याला उत्तरही दिले. सेन यांच्या आक्षेपाचा मला समजलेला गाभा असा की, कामासाठी घरातले जादा माणूस शहरात जाणे वेगळे आणि मरण येणे वेगळे. मरण घराची गरज पाहून येत नाही. एका घरातले सगळे नेते आणि दुसऱ्याला हात लावत नाही. मागे राहिलेल्यांनी काम वाटून घ्यायचे तर घरात कोणी राहायला तर हवे!

दोघेही मोठी माणसे. मी त्यांच्यात पडणारा कोण? पण माझी एक बारीक तक्रार आहे. शुल्ट्झांनी १९१८-१९ हे साल मुद्दाम वगळले, कारण त्या साली अवर्षण होते आणि हिशेब बिघडला असता. गणित म्हणून ते बरोबरच आहे. मात्र आमच्या आजीचे साल नेमके तेच. गणिताला अडचणीचे असलेले ते बारा महिने तिला जगून काढावे लागले.

कारण ताप दिवाळीपर्यंत ओसरला, अकरा नोव्हेंबरला युद्धही संपले, आणि गावाचे खरे मरण त्यानंतर सुरू झाले. बाजरी कापणीवाचून झडलेली. उभ्या जोंधळ्यात मोकाट गुरे शिरलेली, कारण राखणीला पोर नाही आणि गुरांना दावे लावणारा नाही. कडबा अर्धा. पौषापासून वैरण सोन्याच्या भावाने. वैरण महागली की जनावर स्वस्त होते, हा दुष्काळाचा जुना नियम. ज्या बैलाला दोन वर्षांपूर्वी घरातल्या माणसासारखे जपले तो बाजारात कोणी फुकट नेईना. गाईम्हशी आटल्या. आजारातून उठलेल्याला पेलाभर दूध द्यावे तर ते नाही, आणि आई मेलेल्या तान्ह्या पोराला तर दुधाशिवाय दुसरे काही चालत नाही. त्या वर्षी अशी पोरे किती होती, याचा विचार मी फार वेळ करू शकत नाही.

सारा मात्र होताच. त्या काळचा नियम असा की पीक चार आण्यांच्या आत आले तर त्या वर्षीचा सारा तहकूब. आणेवारी लावणार कोण? तर सरकारी माणूस, उभे पीक पाहून. इथे एक मेख आहे. पावसाने गेलेले पीक आणेवारीत दिसते. पीक उभे आहे पण कापायला माणूस नाही, हे आणेवारीत बसत नाही. ताट उभे दिसले की ते सहा आणे. आजही पैसेवारीवरून गावोगाव तंटे होतात, ते ऐकले की मला हटकून ते न कापलेले रान आठवते. साऱ्याच्या हप्त्यासाठी सावकार, सावकारासाठी जमीन, हा पुढचा रस्ता सगळ्यांना ठाऊक आहे.

या देशातल्या जनावरांची पहिली अखिल हिंदुस्थानी मोजणी १९१९-२० सालच्या हिवाळ्यात झाली, ही गोष्ट मला अलीकडेच कळली. माणसांची पहिली सर्वत्र एकाच वेळची खानेसुमारी १८८१ ची. जनावरांची पाळी येईपर्यंत अडतीस वर्षे गेली, आणि आली ती नेमकी गोठे रिकामे झाल्यावर. त्यामुळे मानमोडीच्या सालात किती बैल गेले हे कोणी सांगू शकत नाही. आधीचा तेवढा भरवशाचा आकडाच नाही. आमच्या गोठ्यातले सांगतो. वरच्या आळीने ऑक्टोबरात वाचवलेल्या जोडीतला एक चैत्रात खुंट्याजवळ बसला तो उठला नाही. दुसरा विकला.

आता त्या कागदाकडे येतो. टाळेबंदी उठल्यावर मी तो मोडी जाणणाऱ्या एका वृद्ध गृहस्थांकडे नेला. त्यांनी भिंग लावून वाचला आणि मी देवनागरीत उतरून घेतला. शके १८४१, वैशाख. म्हणजे १९१९ चा मे महिना. मुदतखरेदीचा कागद, मुदत पाच वर्षांची. देणारे आमचे आजोबा, अठरा वर्षांचे. घेणारा वरच्या आळीचा तोच माणूस. नदीकाठचा अडीच एकरांचा तुकडा. आणि बदल्यात काय? पैशाचा आकडा लहान, तो सरकारी साऱ्यापुरता. बाकी एक बैलजोडी, कडब्याच्या पेंढ्या आणि बियाणाचे जोंधळे. तुकडा पैशाला गेलाच नव्हता. तो दोन बैलांना आणि त्यांच्या चाऱ्याला गेला होता, म्हणजे पुढच्या पेरणीला. १९१९ चा पाऊस चांगला झाला. त्या बैलांवर आमचे उरलेले रान पेरले गेले, आणि म्हणून आम्ही शेतकरी राहिलो. १९२० ला पाऊस पुन्हा ओढला. पाच वर्षांत रक्कम उभी राहिली नाही, मुदत टळली, तुकडा गेला.

मग गिळला कोणी? कागद ऐकून मी त्या गृहस्थांच्या ओसरीवर बराच वेळ बसलो. वडील खोटे बोलत नव्हते. अडीच एकर काळी जमीन दोन बैलांना देणे हा सौदा कोणत्याही काळात महागच. आणि पुढे नदीवर पंप बसले, ऊस आला, तेव्हा त्या तुकड्याने वरच्या आळीला माडी बांधून दिली हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. पण आजीही खोटे बोलत नव्हती. तिला हे सगळे ठाऊक होते आणि घरात तुकड्याचा विषय निघाला की ती उठून चुलीकडे जायची. तिला कोणी विचारले नाही. मीही विचारले नाही, आणि मी तर इतिहास शिकवत होतो.

आणखी एक गोष्ट मनाला टोचते. आमच्याकडे निदान भांडायला कागद आहे. त्या नवरात्रात प्रेते कोणी वाहिली, खड्डे कोणी खणले, मेलेली जनावरे गावाबाहेर कोणी ओढली? आजी सांगे ती नावे महारवाड्यातली. त्यांच्यात किती गेले हे आमच्या घरात कोणाच्याच आठवणीत नाही. मुंबई शहराचे आकडे मात्र छापलेले आहेत. या साथीत युरोपियनांमध्ये मृत्यू हजारी ८.३, आणि ज्यांना सरकारने 'खालच्या जातीचे हिंदू' म्हणून नोंदले त्यांच्यात हजारी ६१.६. शहरात हे, तर खेड्यात काय असेल? ज्यांच्याकडे मुदतखरेदीला तुकडाच नव्हता त्यांनी वैशाखात काय दिले आणि काय घेतले, याचा कागद कोणत्याही ट्रंकेत निघणार नाही.

२०२२ च्या सप्टेंबरात आमच्या भागात लम्पी आला. जनावरांचे बाजार बंद, शर्यती बंद, आणि पुन्हा तीच नाकाबंदी, या वेळी बैलांसाठी. बुळकांडीसारखा रोग जगातून गेला, २०११ ला तसे जाहीर झाले, आणि आम्हाला वाटले गोठ्याच्या साथी संपल्या. वरच्या आळीच्या अण्णांचा, म्हणजे लहानपणी माझ्याबरोबर पोहणाऱ्या त्या मुलाचा, एक बैल गाठींनी भरला. शेळ्यांच्या देवीची लस लम्पीवर देत होते, ती त्याला मिळायला उशीर झाला होता. मी पन्नास-साठ वर्षांत पहिल्यांदा त्यांच्या गोठ्यात गेलो. ते बैलाच्या अंगाला कडुनिंबाचा पाला नि हळद वाटून लावत बसले होते. मीही पाटा पुढे ओढून बसलो. काम संपल्यावर खिशातून कागदाची देवनागरी नक्कल काढली आणि वाचून दाखवली.

अण्णांनी शेवटपर्यंत ऐकले. मग म्हणाले, "गुरुजी, आमच्या घरात ही गोष्ट उलटी सांगत्यात."

"उलटी म्हणजे?"

"तुकड्याचं काय न्हाई. त्यो कागदानं आला. पर आमच्या आज्जानं तुमचं रान पेरलं त्या साली, आठ दीस. त्यो पैरा तुमच्या घरानं फेडलाच न्हाई. आमची अव्वा मरोस्तोवर बोलायची, त्या घराकडं आठ दिसाचा पैरा हाय म्हणून."

म्हणजे शंभर वर्षे आम्ही अडीच एकरांसाठी बोलत नव्हतो आणि ते आठ दिवसांसाठी.

बैल वाचला. ऑक्टोबरात, हस्त निघून चित्रा लागल्यावर, पुतण्याला सांगून ट्रॅक्टर वरच्या आळीच्या शाळवाच्या रानात पाठवला. आठ दिवसांचे काम दुपारपर्यंत उरकले. अण्णा बांधावर खुर्ची टाकून बसले होते. काम झाल्यावर त्यांनी डिझेलचे पैसे पुढे केले. मी नको म्हणायच्या आत पुतण्याने ते मोजून खिशात घातले.

अण्णा हसले आणि म्हणाले, "मग पैरा कुठं फिटला, गुरुजी?"